आजोळच्या दाराचे सात थर

माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे, हे आधीच सांगून टाकते. बालवाडीपासून दहावीपर्यंत सिस्टरांच्या हाताखाली शिकले. आमच्याकडे मराठीचा तास शनिवारी शेवटचा असायचा आणि तोही बऱ्याचदा पी.टी.ला जायचा. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ संपादक मंडळाने सांभाळून घ्यावं. यंदा मराठी विभागात नुसत्या कविताच आल्यात (निम्म्या पावसावर, निम्म्या 'ती'च्यावर), म्हणून रूममेटने मला पकडून बसवलं. म्हणाली, "दिवाळीच्या आधी मामाकडे जाऊन जे उद्योग करून आलीस ना, तेच लिही." ते उद्योग शिशाचे होते. हो, तेच शिसं, पिरियॉडिक टेबलमधलं ८२ नंबरचं.

या शिशाची एक गंमत आहे. आपण शिसपेन्सिल म्हणतो, पण तिच्यात शिसं नसतंच, ग्रॅफाइट असतं. आणि ज्या रंगाच्या डब्यात खरोखर शिसं असायचं, त्या डब्यावर ते कुठेच लिहिलेलं नसायचं!

माझं आजोळ साताऱ्याला. घर पणजोबांनी बांधलेलं, दुमजली, सागवानी दारं-खिडक्यांचं. गणपतीला गेले तेव्हा मामाने जाहीर केलं की दिवाळीच्या आत घर रंगवून काढायचं. कारणही तसंच होतं. ताई, म्हणजे मामाची मुलगी, बाळाला घेऊन सहा महिने राहायला येणार होती. बाळ दहा महिन्यांचं, नुकतं रांगायला लागलेलं, वर दोन दात फुटतायत. व्हिडिओ कॉलवर बघावं तेव्हा काहीतरी चावत असतं. रंगारीकाका येऊन घर बघून गेले. तीस वर्षं आमच्याकडे तेच येतात. त्यांनी मामाला सांगितलं, "सगळं लाकूड दिसंपतुर खरवडून काढू. दिवा मारू, पत्र्यानं उतरवू, मग पॉलिश पेपर, लांबी, आणि वर दोन हात ऑईलपेंट. आरशावानी करून देतो." मामा खूश.

मी खूश नव्हते, कारण नेमकं त्याच सुमारास माझ्या गळ्यात सेमिनार पडला होता. आमच्याकडे मेटलर्जीला तिसऱ्या वर्षी सेमिनारचे विषय रोल नंबरप्रमाणे वाटतात, माझ्या वाट्याला एक्स-रे फ्लुओरेसन्स आलं. त्याचे उपयोग शोधताना, मिश्रधातू, सोन्याचा कस वगैरे ओळखीच्या गोष्टींमध्ये एक भलताच उपयोग दिसला : जुन्या घरांच्या रंगातलं शिसं तपासणे. तिथून वाचत वाचत मी थेट ऑस्ट्रेलियात पोचले.

ब्रिस्बेन शहरात जे. लॉकहार्ट गिब्सन नावाचे डोळ्यांचे डॉक्टर होते. १८९० च्या दशकापासून तिथे मुलांमध्ये विचित्र आजार दिसायचा. पोटात कळा, हातापायातली ताकद जाणं, काहींची नजर अधू होणं. विषबाधा शिशाची आहे हे डॉक्टरांनी ओळखलं होतं, पण शिसं येतंय कुठून हे कळत नव्हतं. पाणी तपासलं, भांडी तपासली. शेवटी १९०४ साली गिब्सननी बोट दाखवलं ते घराच्या व्हरांड्यावर. लाकडी कठडे, त्यांना पांढरा शिशाचा रंग, आणि क्वीन्सलँडचं कडक ऊन. उन्हाने रंगाची पावडर व्हायची, मुलं कठड्याला धरून उभी राहायची आणि मग तीच बोटं तोंडात. बस्स, एवढंच! १९२२ साली क्वीन्सलँडने कठडे, फाटकं, कुंपणं अशा मुलांच्या हाताशी येणाऱ्या जागी शिशाचा रंग लावायला कायद्याने बंदी घातली. अमेरिकेला घरातल्या रंगांवर बंदी आणायला १९७८ उजाडलं. आपल्याकडे २०१६ साली नियम निघाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले : घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या वर नको. म्हणजे एक किलोत ९० मिलिग्रॅम. नियम चांगला आहे, पण तो नव्या डब्यांसाठी आहे. भिंतीवर, दारावर आधीच जे बसलंय त्याला कोण विचारणार?

रंगात शिसं घालायचेच कशाला, असा प्रश्न मलाही पडला होता. तर ते उपयोगाचं होतं म्हणून. जुने रंगारी ज्याला सफेता म्हणायचे ते शिशाचं कार्बोनेट. एका हातात लाकूड झाकायचं आणि वर्षानुवर्षं टिकायचं. लाल शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड, लोखंड गंजू नये म्हणून गजांना आणि ग्रिलला त्याचा प्रायमर. (दगडाला फासून देव करायचा तो मूळचा शेंदूरही हाच.) झगझगीत पिवळा म्हणजे लेड क्रोमेट, त्यात निळा मिसळला की हिरवा. शिवाय ऑईलपेंट लवकर वाळावा म्हणूनही शिशाची संयुगं घालत. म्हणजे जुना हिरवा दरवाजा दिसला की दोनदा विचार करावा. आणि साताऱ्याच्या घराचा प्रत्येक दरवाजा कधी ना कधी हिरवा होता.

हे मला कळलं ते आजीमुळे. जिन्याखालच्या दाराचा रंग एके ठिकाणी उडाला होता. तिथे मी कटरने तिरका काप घेतला आणि भिंग लावून बघितलं. एकाखाली एक सात पट्टे! झाडाच्या खोडातली वर्तुळं असतात ना, तसं. वर चॉकलेटी, मग राखाडी, मग पिस्ता, मग गडद हिरवा, मग परत एक हिरवा, मग बदामी, आणि सगळ्यात खाली पिवळट पांढरा. आता यातला कुठला कधीचा, हे कुठलंही मशीन सांगणार नाही. आजीने एका दमात सांगितलं. "चॉकलेटी तुझ्या ताईच्या लग्नातला, २०२१ चा. राखाडी तुझ्या आईच्या लग्नात दिला, तो मला बिलकुल आवडला नव्हता. पिस्ता तुझ्या मामाच्या लग्नाचा, ९४ सालचा. गडद हिरवा मामाच्या मुंजीतला. आणि हा फिका हिरवा मी लग्न होऊन आले ६३ साली, तेव्हा नवाकोरा होता, शालूला लागला होता माझ्या." त्याच्या खालचे दोन तिच्याही आधीचे. लग्नं-मुंजी धरून घराच्या रंगांची अशी अख्खी जंत्री निघाली. सातांपैकी फक्त एकच थर, सगळ्यात वरचा, कायद्याच्या अलीकडचा.

आणि रंगारीकाका ते सातही थर खरवडणार होते. बाळ यायच्या पंधरा दिवस आधी.

इथे जरा गणित करू, त्याशिवाय आपल्याला इंजिनिअर कोण म्हणेल! अमेरिकेत रंगाला 'शिशाचा रंग' म्हणतात तो एका चौरस सेंटिमीटरला १ मिलिग्रॅम किंवा जास्त शिसं असेल तर. समजा आपला रंग जेमतेम तेवढाच आहे. एक चौरस फूट म्हणजे ९२९ चौरस सेंटिमीटर, म्हणजे ९२९ मिलिग्रॅम शिसं. एवढासा एक फुटाचा तुकडा पॉलिश पेपरने घासला आणि ती धूळ दहा बाय दहाच्या खोलीत सारखी पसरली, तर प्रत्येक चौरस फुटावर सुमारे ९३०० मायक्रोग्रॅम. काम संपल्यावर जमिनीवर किती चालेल? अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने २००१ साली ही मर्यादा ४० मायक्रोग्रॅम ठेवली होती. २०२४ च्या नियमात ती ५ वर आणली. ५ कुठे आणि ९३०० कुठे! अख्खं दार बाजूलाच राहिलं, हा फक्त त्याचा एक फूट.

दुसरं गणित बाळाचं. २०२१ पासून अमेरिकेत १०० मिलिलिटर रक्तात साडेतीन मायक्रोग्रॅम शिसं सापडलं की घरात शोध घ्यायला सांगतात. नऊ किलोच्या बाळाचं रक्त असेल साधारण सातशे मिलिलिटर. म्हणजे सगळ्या रक्तात मिळून २५ मायक्रोग्रॅम. साखरेचा एक दाणा अर्धा मिलिग्रॅमचा धरला तर त्याचा विसावा भाग. पोटात गेलेलं सगळंच रक्तात राहत नाही, बरंचसं हाडांत जाऊन बसतं, पण मोठ्यांपेक्षा लहान मुलं चार-पाच पट जास्त शोषून घेतात. हे गणित मी सबमिशनच्या वहीच्या मागे केलं आणि मग जेवायला मेसमध्ये गेलेच नाही. (पनीर होतं. कल्पना करा.)

पण नुसतं घाबरून भागत नाही. आपल्या घरात खरंच आहे का, आणि कुठे आहे, हे बघायला हवं. मी सहा ठिकाणचे कपचे छोट्या प्लॅस्टिक पिशव्यांत भरून हॉस्टेलवर आणले. कपचा काढताना ओलं फडकं खाली, काम झाल्यावर हात साबणाने धुणं, वगैरे सगळं पाळून. आमच्या लॅबमध्ये मिश्रधातू तपासायचं हातातलं एक्सआरएफ आहे. सरांनी आधी विचारलं, "हे तुझ्या सेमिनारमध्ये येतं का?" मी म्हटलं, "सर, येतं." (आणलं!)

पहिला कपचा ठेवला तर शिशाची खूण अगदी बारीक. मला वाटलं, चला सुटलो. सर म्हणाले, "उलटा कर." कपचा पालथा ठेवला आणि ग्राफवरची रेघ डोक्यावर गेली! कारण असं की आमच्या मशीनची ट्यूब ५० किलोव्होल्टची. शिशाच्या आतल्या कक्षेतला इलेक्ट्रॉन उडवायला ८८ लागतात. म्हणून आम्हाला दिसतात त्या फक्त एल रेषा, साडेदहा आणि साडेबारा केईव्हीच्या आसपासच्या, आणि त्या इतक्या लेच्यापेच्या की वरचे दोन-तीन थरच त्यांना अडवून टाकतात. परदेशात घरं तपासणारे लोक म्हणूनच कॅडमियम-१०९ चा किरणोत्सारी सोर्स असलेलं मशीन वापरत आले. त्याचा गॅमा किरण ८८.०३ चा, शिशाची हद्द ८८.०० ची. निसर्गाने इतकं नेमकं जुळवून दिलेलं पाहून मला त्या रात्री फिजिक्सबद्दल पहिल्यांदा प्रेम वाटलं. दुसरी मेख आर्सेनिकची. त्याची रेषा साडेदहाला शिशावरच बसते, तेव्हा साडेबाराची रेघ दिसल्याशिवाय शिसं म्हणायचं नाही. आम्हाला दोन्ही दिसल्या. मात्र किती पीपीएम ते लिहून द्यायला सरांनी साफ नकार दिला. मशीनचं कॅलिब्रेशन स्टीलसाठी, रंगाच्या पापुद्र्यासाठी नाही. "आहे, आणि भरपूर आहे, एवढंच लिही," म्हणाले. मला ते आवडलं.

ज्यांच्याकडे असं मशीन नाही त्यांना बारावीचं सॉल्ट अॅनालिसिस आठवेल. मी केमिस्ट्री लॅबमध्ये तेही करून पाहिलं. कपच्याची पूड सौम्य अॅसिटिक अॅसिडमध्ये कोमट केली, गाळली, त्यात पोटॅशियम आयोडाइडचे थेंब. पिवळा साका! गरम केला की विरघळतो आणि निवला की सोनेरी चकत्या तरंगतात. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत मला कधी दिसल्या नव्हत्या, त्या मामाच्या दारातून निघाल्या. पण यात एक पथ्य आहे. पिवळं आलं तर शिसं खूप आहे. आलं नाही तर काहीच सिद्ध होत नाही, थोडं शिसं या परीक्षेला सापडत नाही. त्यासाठी नमुना चांगल्या प्रयोगशाळेतच द्यावा.

सगळे कपचे तपासल्यावर घराचा एक वेगळाच नकाशा तयार झाला. मी भिंतींना घाबरत होते, आणि भिंती निघाल्या निर्दोष. साताऱ्याच्या घराच्या भिंतींना साठ-सत्तर वर्षं कळीचा चुना आणि नीळ. त्यात कुठलं शिसं? गरिबीचा रंगच सुरक्षित निघाला म्हणायचा. शिसं सगळं लाकडावर आणि लोखंडावर, म्हणजे जिथे पूर्वी 'चांगला' रंग द्यायचे तिथे. त्यातही सगळं सारखं धोक्याचं नाही. माजघराच्या दाराचा रंग घट्ट आहे, कुठे पोपडा नाही. त्याला डिवचलं नाही तर तो कोणाला काही करत नाही. खरा धोका होता समोरच्या खोलीतल्या चार खिडक्यांत. त्यांची तावदानं पावसात फुगतात, उघड-बंद करताना चौकटीला घासतात आणि प्रत्येक घासण्याला थोडी भुकटी खाली पडते. खिडक्या जुन्या पद्धतीच्या, जमिनीपासून हातभरच उंच. खाली सतरंजी. आणि मामी उत्साहाने म्हणत होती, "बाळाला इथेच टाकायचं, खिडकीतून रस्ता दिसतो, गज धरून उभं राहील." गजांच्या तळाशी शेंदरी प्रायमर स्पष्ट दिसत होता. मला ब्रिस्बेनचे कठडे आठवले.

मामाला पटवणं हे एक्सआरएफपेक्षा अवघड काम होतं. मामा म्हणाला, "मी याच खिडकीत वाढलो, तुझी आई वाढली. काय झालं आम्हाला? चांगले बँकेत चिकटलो." याला झटकन उत्तर नसतं. एका माणसाकडे बघून हे कळतच नाही, कारण शिसं नसतं तर तोच माणूस कसा झाला असता हे कोणी बघितलेलं नाही. १९७९ साली अमेरिकेत हर्बर्ट नीडलमन यांनी शाळकरी मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करून त्यातलं शिसं मोजलं होतं. वरून धडधाकट मुलं, कोणालाच आजारी म्हटलं नसतं. पण ज्यांच्या दातांत शिसं जास्त त्यांची बुद्ध्यांक चाचणी, लक्ष देणं, वर्गातलं वागणं, सगळंच थोडं मागे. एकेकटं पाहिलं तर दिसत नाही, शेकड्यात पाहिलं की दिसतं. हे सगळं मी मामाला माझ्या परीने मराठीत सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे मी अजून हुशार झालो असतो म्हणतेस?" मामी चहा गाळत होती. तिथूनच म्हणाली, "तुमचं राहू द्या. खिडक्यांचं काय करायचं ते तिला विचारा." विषय तिथे मिटला.

रंगारीकाका सोमवारी सकाळी दिवा, पत्रे घेऊन हजर. मला त्यांच्याशी बोलायचं जास्त दडपण आलं होतं. माझ्या जन्माच्या आधीपासून हा माणूस रंग देतोय आणि मी त्याला शिकवणार! मी त्यांना सांगितलं की दिवा नको, ज्योतीने जुन्या रंगाचा धूर होतो आणि तो श्वासातून जातो. कोरडा पॉलिश पेपर नको. जिथे खरवडायचंच तिथे पाणी मारून, खाली प्लॅस्टिक अंथरून. घट्ट रंग तसाच ठेवून वर हात मारायचा. झाडू नाही, ओल्या फडक्याने पुसून घ्यायचं, फडकं प्रत्येक वेळी नवीन पाण्यात. ते सगळं ऐकून घेत होते, थोडे हसतही होते. मग मी म्हटलं, संध्याकाळी घरी जायच्या आधी कपडे इथेच बदला, हात-तोंड धुऊन मगच तंबाखू मळा.

त्यावर ते हसायचे थांबले. "म्हंजी हे माझ्या घरला बी जातंय व्हय?"

मी हो म्हटलं. कपड्यांतून, केसांतून जातं. त्यांनी थोडा वेळ पत्र्याची धार अंगठ्याने चाचपली आणि म्हणाले, "नात हाय मला दोन वर्षांची. घरात पाऊल टाकलं की गळ्यात पडती." मग त्यांनी मामाकडून जुना शर्ट मागून घेतला, आणि काम संपेपर्यंत तो शर्ट आमच्या न्हाणीच्या खुंटीवरच राहिला. धुवायला मामीने घेतला, वेगळ्या बादलीत. मी पुण्याहून नेलेला मास्क त्यांनी पहिल्या दिवशी अर्धा तास लावला, दुसऱ्या दिवशी पाऊण. उकाड्यात तो दिवसभर लावून काम करणं किती कठीण आहे हे मी तासभर लावून पाहिलं. त्यापेक्षा पाणी मारून धूळच उठू न देणं जास्त चाललं.

खर्च वाढला, हे लपवत नाही. काम पाच दिवसांऐवजी नऊ दिवस चाललं. चार खिडक्यांची तावदानं काढून सुताराकडून नवीन करून घेतली, गज ओले घासून त्यांना नवीन प्रायमर दिला. मामाने दोनदा हिशोब दाखवला. आरशासारखं काही झालं नाही. माजघराच्या दारावर जुन्या रंगाचे उंचवटे नव्या रंगातूनही दिसतात. ताई बाळाला घेऊन पाडव्याला आली. दोन महिन्यांनी त्याचं रक्त तपासून घ्यायचं डॉक्टरांशी ठरलंय, तोवर खिडकीखालची जमीन मामी दिवसातून दोनदा पुसते आणि बाळाचे हात दहा वेळा.

आता जाता जाता हॉस्टेलबद्दल. कमिटी येणार म्हटलं की आपल्याकडे खिडक्यांचे गज आणि लोखंडी कॉट खसाखसा घासून रंगवतात आणि आपण त्याच खोलीत बसून सबमिशन पूर्ण करतो. कॉटचा रंग नखाने काढत फोनवर बोलणाऱ्या मैत्रिणी माझ्याच विंगमध्ये तीन आहेत. वॉर्डन मॅडमना मी भेटले. यापुढे घासायचं काम सुट्टीत आणि ओलं करून घेऊ, असं त्या म्हणाल्यात. कॉटचा एक कपचा मी पिशवीत भरून ठेवलाय, लॅबचा नंबर पुढच्या गुरुवारी आहे.

एक गोष्ट मात्र अजून अडली आहे. काढलेली जुनी तावदानं. आजी म्हणाली, "सागवान आहे, बंबात घाला, महिनाभर पाणी तापेल." आमच्याकडे बंबाची राख भांडी घासायला ठेवतात! मी अक्षरशः ओरडलेच. भंगारवाला न्यायला तयार होता, पण त्याच्याकडून ती कुठल्यातरी दुसऱ्या घराच्या बंबातच जाणार. म्हणून आठही तावदानं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, सुतळीने बांधून परसातल्या खोलीत उभी केलीत. मामा दर रविवारी फोनवर विचारतो, "इंजिनिअर बाई, यांचं काय करायचं?" मी दोन प्राध्यापकांना विचारलंय.